गावतळे हिरवे का पडते: उन्हाचा दोष किती, ओहोळाचा किती

प्रश्न विचारणारे गृहस्थ बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका गावचे आहेत. त्यांच्या लहानपणी गावतळ्याच्या घाटाच्या पाण्याखालच्या चार-पाच पायऱ्या शिमग्यापर्यंत स्पष्ट दिसत असत. आता होळीच्या आधीच पाणी हिरवे पडते, एप्रिलमध्ये त्यावर रंगासारखी साय धरते आणि वळवाच्या पहिल्या पावसानंतर सकाळी मासे मरून काठाला लागलेले दिसतात. हे सगळे तापमानवाढीमुळे होत आहे का, आणि तसे असेल तर गावाच्या हातात काही उरते का, असे त्यांनी विचारले आहे. मी गेली बावीस वर्षे बेळगाव, खानापूर आणि हुक्केरी तालुक्यांतील तळ्यांचे पाणी मोजत आले आहे. त्या अनुभवावरून हे सविस्तर उत्तर लिहीत आहे, कारण असाच प्रश्न मला दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारते.

माझे मत आधीच सांगते. केवळ उष्णतेने तळे हिरवे होत नाही. हिरवे होण्यासाठी पाण्यात खत उतरावे लागते आणि ते माणसांच्या व जनावरांच्या वावरातून उतरते. मात्र पूर्वी जेवढे खत तळे निमूटपणे पचवत असे, तेवढे आता वाढलेल्या उष्णतेत त्याला पचत नाही. म्हणून गावात काहीच बदललेले नसताना तळे बिघडले, असे लोकांना वाटते आणि त्यांचे ते निरीक्षण खोटे नसते. त्याच शेणाचा, त्याच साबणाचा आणि त्याच शेतांतून येणाऱ्या पाण्याचा परिणाम आता अधिक तीव्र होतो.

कारणांकडे जाण्याआधी आपल्या तळ्याची नितळता नेमकी कशाने गेली आहे हे ठरवणे आवश्यक आहे, कारण गढूळपणाचे प्रकार निरनिराळे असतात आणि त्यांचे उपायही निरनिराळे आहेत. काचेची पारदर्शक बाटली घ्यावी, काठापासून थोडे आत जाऊन कोपरभर खोलीवरचे पाणी भरावे आणि बाटली रात्रभर खिडकीत न हलवता ठेवावी. सकाळी तळाशी तांबूस थर बसून वरचे पाणी निवळले असेल, तर गढूळपणा मातीचा आहे. पाणी हिरवेच राहून वरच्या बाजूला बारीक रव्यासारखे कण तरंगत जमा झाले असतील, तर ते निळे-हिरवे शैवाल आहे. या जिवांच्या पेशींत वायूचे सूक्ष्म कप्पे असतात, त्यामुळे त्यांतील बरेच प्रकार शांत पाण्यात आपोआप वर येतात. गोकाक-सौंदत्तीच्या काळ्या जमिनीतील चिकणमाती मात्र आठ-आठ दिवस खाली बसत नाही, म्हणून तिकडच्या वाचकांनी एका रात्रीत निष्कर्ष काढू नये. आपण वर्णन केलेली साय आणि आपला तालुका पाहता आपल्याकडे शैवालच असावे, तरीही बाटली भरून पाहावी.

आता उष्णतेकडे वळते. पाणी तापले की हलके होते हे आपण जाणतो, पण ते सर्व तापमानांना सारख्या प्रमाणात हलके होत नाही. ४ अंशांवरून ५ अंशांवर जाताना पाण्याच्या घनतेत जेवढा फरक पडतो, त्याच्या तीसपटींहून अधिक फरक २९ वरून ३० अंशांवर जाताना पडतो. थंड देशांतील सरोवरांत वरच्या व खालच्या पाण्याचे वेगळे थर पडायला तापमानात मोठा फरक लागतो. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी दोन-तीन अंशांचा फरकही वरचे पाणी खालच्या पाण्यात मिसळू न देण्यास पुरतो. हलक्या वाऱ्याला हे थर मोडता येत नाहीत.

एकदा मे महिन्यात एका लहान तळ्यावर मी दुपारी तीन वाजता तापमापक दोरीने खाली सोडला होता. पृष्ठभागावर ३१.५ अंश होते आणि दोन मीटर खाली २७. तळाजवळचे पाणी बाटलीत वर आणले, तेव्हा त्याला कुजलेल्या अंड्यांचा वास येत होता आणि त्यात प्राणवायू जवळजवळ शून्य होता. वर मात्र मुले पोहत होती आणि पाण्यात प्राणवायू भरपूर होता. एवढ्याशा खोलीत ही दोन टोके असू शकतात, हे मीही त्या दिवसापर्यंत पुस्तकातच वाचले होते.

उथळ तळ्यांना या अवस्थेतून रोज सोडवते ती रात्र. सूर्य मावळल्यावर वरचे पाणी थंड व जड होऊन खाली बसते, पहाटेपर्यंत सगळे पाणी घुसळून निघते आणि तळाला प्राणवायू पोचतो. त्यामुळे दुपारचा पारा किती चढला यापेक्षा रात्र किती उतरली याकडे मी अधिक लक्ष देते. ढगाळ, दमट आणि वारा नसलेल्या उकाड्याच्या रात्री सलग आल्या, तर ही घुसळण अर्धवट राहते. तापत्या हवामानात अशा रात्री वाढतात. त्यात गरम पाणी मुळातच कमी प्राणवायू धरून ठेवते. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६, आणि बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे ३० अंशांना तो ७ च्या आसपासच राहतो. उलट कुजण्याची आणि श्वसनाची गती उष्णतेबरोबर वाढत जाते. म्हणजे साठा कमी आणि खर्च जास्त. वळवाच्या पावसानंतर सकाळी मासे मरतात ते बहुधा यामुळेच. ढगांमुळे शैवाल पुरेसा प्राणवायू तयार करीत नाही, पावसाचे थंड पाणी थर उलथून तळाचे प्राणवायूहीन पाणी वर आणते आणि काठावरची घाणही त्याच वेळी आत येते. अशा वेळी कोणी विष टाकले असा संशय गावात घेतला जातो आणि भांडणे होतात. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडे काढून हवा घेताना दिसले असतील, तर प्राणवायू संपल्याची ती स्पष्ट खूण आहे.

खानापूरच्या मातीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्या तळ्याचे गुपित तिथे आहे असे मला वाटते. आपल्या पश्चिम पट्ट्यातील जांभ्याची तांबडी माती लोहाने भरलेली आहे. पाण्यात प्राणवायू असतो तोवर हे लोह खतातल्या फॉस्फरसला, म्हणजे शैवालाच्या एका मुख्य खाद्याला, घट्ट धरून ठेवते, त्यामुळे ओहोळातून आलेला बराचसा फॉस्फरस गाळात गाडला जातो आणि शैवालाला मिळत नाही. आपल्या लहानपणच्या नितळ पाण्याचे श्रेय मी बऱ्याच अंशी या मातीला देते. पण तळाचा प्राणवायू संपला की लोहाचे रूप पालटते, ते पाण्यात विरघळू लागते आणि इतकी वर्षे धरून ठेवलेला फॉस्फरस सुटतो. पुढच्या वाऱ्याने किंवा पावसाने थर मोडले की तो वर येतो आणि शैवालाला आयते खाद्य मिळते. शैवाल वाढते, मरते, तळाशी जाऊन कुजते आणि उरलेला प्राणवायूही संपवते. एकदा हे चक्र सुरू झाले की बाहेरून नवे काही आले नाही तरी तळे आपल्याच साठ्यावर हिरवे राहते. उष्णतेचा सर्वांत मोठा अपाय मला इथे दिसतो.

फॉस्फरसवरच माझा एवढा भर का, हेही सांगते. कॅनडात १९७३ साली संशोधकांनी एका सरोवराचे पडद्याने दोन भाग केले, दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातले आणि फॉस्फरस मात्र एकाच भागात घातला. फॉस्फरस घातलेला भाग हिरवा झाला, दुसरा नितळ राहिला. मोठ्या आणि उष्ण सरोवरांत नत्राचाही वाटा असतो हे खरे आहे, पण गावतळ्यात काम करताना मी आधी फॉस्फरसच शोधते.

किती फॉस्फरस पुरतो याचा हिशेब करून पाहू. ५० किलोच्या डीएपी खताच्या एका पोत्यात सुमारे १० किलो शुद्ध फॉस्फरस असतो. दोन एकरांचे आणि सरासरी दोन मीटर खोलीचे तळे भरले की त्यात साधारण १ कोटी ६० लाख लिटर पाणी असते. त्या पोत्याचा विसावा हिस्सा, म्हणजे अर्धा किलो फॉस्फरस, ओहोळाने तळ्यात पोचला, तर दर लिटरला सुमारे ३० मायक्रोग्रॅमची भर पडते आणि तळे हिरवे होऊ लागण्याची पातळी साधारण इथेच आहे. पाणलोटात बटाटा, रताळी, भात किंवा ऊस असलेल्या गावात एका पोत्याचा विसावा हिस्सा वाहून येणे अशक्य नाही. त्यात उकिरडे, गोठ्यांचे पाणी आणि धुण्याचा साबण यांची भर पडते. मग उन्हाळ्यात दिवसाला सहा-आठ मिलिमीटर पाणी उडून जाते आणि शेतीसाठी पंप लागतात. केवळ उडून जाण्याने पाणी पाव हिस्सा उरले, तर विरघळलेले खत चौपट दाट होते; पंपाने उपसलेले पाणी मात्र आपल्यासोबत खतही घेऊन जाते.

पावसाचे बदललेले रूपही विसरून चालणार नाही. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा जोराने पडतो. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. आपल्या जिल्ह्याने २०१९ च्या ऑगस्टमधील महापूर आणि २०२३ चा दुष्काळ हे दोन्ही चार वर्षांच्या अंतरात पाहिले. मुरत-मुरत येणारे पाणी माती मागे ठेवून येते आणि एका तासात कोसळलेले पाणी शेताचा वरचा, खत टाकलेला थरच घेऊन येते. इथे परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलते. कणकुंबीच्या बाजूला जे तळे पावसाळ्यात अनेक वेळा भरून सांडव्यावरून वाहते, ते दरवर्षी धुऊन निघते आणि त्याला या पुराचा काही अंशी फायदाच होतो. अथणीकडचे जे तळे कसेबसे एकदा भरते, त्यात आलेले सारे तिथेच राहते. आपले तळे किती दिवस सांडव्यावरून वाहते हे आपण लिहिलेले नाही. उत्तर ठरवताना मी पहिल्यांदा तेच विचारीन.

राकसकोप आणि हिडकलसारख्या मोठ्या जलाशयांना वरील सर्व जसेच्या तसे लागू करू नये. खोल पाण्यातील थर रात्रीच्या गारव्याने मोडत नाहीत, ते हिवाळ्यात मोडतात, आणि त्यासाठी थंडी पुरेशी पडावी लागते. तो वेगळा विषय आहे. जगातील २३५ सरोवरांच्या अभ्यासात १९८५ ते २००९ या काळात उन्हाळ्यातील पृष्ठभागाचे तापमान दशकाला सरासरी ०.३४ अंशाने वाढलेले आढळले. आकडा लहान दिसतो, पण वर सांगितलेली घनतेची गोष्ट ध्यानात ठेवली की त्याचे वजन कळते.

नितळ पाणी म्हणजे निरोगी पाणी, असेही समजू नये. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात उष्णतेमुळे घुसळण मंदावली, तळाची पोषकद्रव्ये वर येईनाशी झाली आणि पाणी अधिक स्वच्छ झाले. पण त्याबरोबर शैवालाचे उत्पादन घटले आणि माशांच्या अन्नाचा पायाच आकसला. आपल्याकडे उलटा पेच असतो. तळ्याचा मासेमारीचा ठेका घेणारा माणूस पाणी मुद्दाम हिरवे ठेवतो, कारण कटला-रोहूच्या वाढीसाठी पाण्यातील दृश्यता तीस-चाळीस सेंटिमीटरच असावी असे त्याला शिकवलेले असते आणि त्याच्या धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. त्यासाठी तो शेण आणि सुपर फॉस्फेट टाकतो. ज्या गावाला पायऱ्या दिसायला हव्या आहेत, त्या गावाने ठेक्याच्या अटींत खत न टाकण्याची आणि सायप्रिनस हा मासा न सोडण्याची अट घालावी. सायप्रिनस तळाचा चिखल उकरून खातो आणि त्याने गाळातील फॉस्फरस पुन्हा पाण्यात मिसळतो. ठेक्याची रक्कम त्यामुळे कमी येईल, हे ग्रामसभेत आधीच स्पष्ट सांगितलेले बरे.

आता उपायांकडे येते. सर्वप्रथम ओहोळ हाती घ्यावा. मृगाच्या पहिल्या एक-दोन जोरदार पावसांचे पाणी सर्वांत घाण असते. ते शक्य असेल तर तळ्याला वळसा घालून खाली सोडावे आणि नंतरचे पाणी आत घ्यावे. ओहोळ तळ्याला मिळतो तिथे गाळ बसण्यासाठी एक खड्डा आणि त्यापुढे पाणकणीस, लव्हाळे व वाळा यांचा रुंद पट्टा असावा. खड्डा दरवर्षी उन्हाळ्यात साफ केला नाही, तर त्याचा उपयोग दोन वर्षांत संपतो. उकिरडे तळ्याच्या उताराकडून हलवावेत आणि म्हशी धुण्यासाठी सांडव्याच्या खाली वेगळी जागा करावी. अमेरिकेतील सिॲटल शहराजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात १९६० च्या दशकात सांडपाणी वळवण्यात आले आणि काही वर्षांतच पाणी पुन्हा नितळ झाले. ते सरोवर खोल होते. उथळ तळ्यांत गाळातला साठा आडवा येतो. युरोपातील अनेक तळ्यांना बाहेरची आवक थांबवल्यावरही सावरायला दहा ते पंधरा वर्षे लागली. आपल्या गावाला मी दोन वर्षांत पायऱ्या दिसतील असे सांगणार नाही.

गाळ काढण्याबद्दल माझ्याकडून झालेली एक चूक सांगते. हुक्केरीकडच्या एका तळ्याचा गाळ काढताना यंत्रे आहेतच तर काठ आणि तळ पूर्ण स्वच्छ करू, असा आग्रह काही जणांनी धरला आणि मी त्याला मान्यता दिली. गाळासोबत काठाचे सगळे लव्हाळे आणि पाण्याखालच्या सगळ्या वनस्पती निघून गेल्या. पहिल्या वर्षी पाणी तांबडे राहिले, दुसऱ्या वर्षी पूर्वीपेक्षा हिरवे झाले. बुडालेल्या वनस्पती गाळ धरून ठेवतात, शैवालाशी खाद्यासाठी स्पर्धा करतात आणि शैवाल खाणाऱ्या पाणपिसवा या बारीक जिवांना माशांपासून लपायला जागा देतात. त्या गेल्या की उथळ तळे गढूळ अवस्थेत जाऊन तिथेच टिकून राहते. तेव्हापासून मी एका वर्षी एक तृतीयांशाहून अधिक भाग उपसू देत नाही आणि काठाचा पट्टा शाबूत ठेवते. काढलेला गाळ पुन्हा वाहून येणार नाही अशा ठिकाणी, शक्यतो सांडव्याखालच्या शेतांत, टाकावा.

मोरचूद टाकण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी नक्की देईल. तो ऐकू नये. मोरचुदाने शैवाल एकदम मरते, कुजताना प्राणवायू संपवते आणि पेशी फुटल्याने त्यांतील विष पाण्यात मोकळे होते. तांबे गाळात साठून राहते, ते वेगळेच. जिवाणूंच्या पुड्यांनी तळे कायमचे स्वच्छ झाल्याचे मी एकदाही पाहिलेले नाही. कारंजे किंवा हवा सोडणारा पंप मासे वाचवण्यासाठी उपयोगी आहे, पण तो पहाटे चालला पाहिजे. दुपारी देखाव्यासाठी चालवून काही साधत नाही.

एका गोष्टीत मात्र थांबू नये. साय धरलेली असताना ते पाणी पिण्यास, पोहण्यास आणि जनावरांना पाजण्यास वापरू नये. निळ्या-हिरव्या शैवालाच्या काही प्रकारांत यकृताला अपाय करणारे मायक्रोसिस्टिन हे विष असते आणि ते उकळल्याने नष्ट होत नाही. त्याच्या सर्वाधिक परिचित प्रकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा ठेवली आहे. डोळ्यांनी पाहून विष आहे की नाही हे मलाही सांगता येत नाही, म्हणून वाऱ्याने साय ज्या काठाला लोटली जाते तो काठ तरी उन्हाळाभर जनावरांसाठी बंद ठेवावा.

हे सर्व करण्याआधी आणि करताना मोजमाप ठेवावे. १८६५ साली सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने समुद्राची नितळता मोजायला पांढरी तबकडी वापरली. तीच पद्धत आजही चालते. वीस सेंटिमीटर व्यासाची स्टीलची ताटली घ्यावी, तिचे चार भाग करून आलटून-पालटून काळे-पांढरे रंगवावेत, मध्ये भोक पाडून दोरी ओवावी, खाली वजन बांधावे आणि दोरीवर दर दहा सेंटिमीटरला खूण करावी. दुपारी बाराच्या सुमारास, सावलीच्या बाजूने ती सोडावी. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, या दोन्हींची सरासरी लिहावी. सोबत तारीख, पाण्याचा रंग, घाटाच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी आहे, आणि पहाटेचे व दुपारी तीनचे तापमान लिहावे. शाळेतील आठवी-नववीची मुले हे काम उत्तम करतात. दर आठवड्याला एक नोंद याप्रमाणे दोन उन्हाळे आणि एक पावसाळा मिळाला, तर दृश्यता पहिल्या पावसानंतर ढासळते की त्याआधीच, उकाड्याच्या रात्रींच्या मागोमाग ढासळते, हे वहीतून दिसेल. पहिले असेल तर पैसा ओहोळावर खर्च करावा. दुसरे असेल तर गाळातला साठा जागा झाला आहे असे धरून टप्प्याटप्प्याने उपसा करावा. दोन्ही असतील, आणि माझा अंदाज तसाच आहे, तर ओहोळ आधी. आवक चालू असताना काढलेल्या गाळाची जागा नवा गाळ काही पावसाळ्यांतच भरून काढतो.